शाई किती उरली? पडद्यावरच्या टक्क्यांचा इतिहास

१/
घरच्या संगणकाच्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडते. तीत चार उभे रकाने : काळा, सायन, मॅजेंटा आणि पिवळा. काळ्याची पातळी तळाला टेकलेली आणि खाली सूचना, की शाई संपत आली आहे. पाहणारा ही आकृती तापमापकासारखी वाचतो. आत कुणीतरी शाई मोजली आणि तेच येथे दिसते आहे, असे तो समजतो. प्रत्यक्षात बहुतेक घरगुती प्रिंटरांमध्ये ती पातळी कुणी मोजलेली नसते. ती हिशेबाने काढलेली असते. हा हिशेब कुणाच्या वहीत लिहायचा, यावरून न्यायालये, कायदेमंडळे आणि दुरुस्तीची दुकाने गेली कित्येक वर्षे झगडत आली आहेत. त्या झगड्याचा हा इतिहास.

२/
इतिहासाच्या वाचकाला 'काडतूस' म्हटले की १८५७ आठवते. आपला हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुशो'वरून आला, तर इंग्रजीतला 'कार्ट्रिज' फ्रेंच 'कार्तूश'वरून. दोघे एकाच कुळातले भाऊ. बंदुकीच्या काडतुसात दारू मोजून भरलेली असे. शिपायाला पुन्हा मोजमाप करावे लागू नये हाच त्याचा उद्देश. प्रिंटरच्या कार्ट्रिजने नेमके हेच केले. शाई मोजून बंद केली आणि मोजण्याचे काम वापरणाऱ्याच्या हातून काढून घेतले.

३/
त्याआधी काय होते? १९७० मध्ये अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीचा 'मॉडेल १०१' हा प्रिंटर आला. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासोबत विकलेला प्रिंटर मुळात जपानच्या एप्सनचा एमएक्स-८० होता. हे सारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. सुयांचा आघात शाईच्या रिबनवर होई आणि अक्षर उमटे. रिबन जुनी झाली की अक्षरे हळूहळू फिकी पडत. शाई किती उरली हे कागदच सांगत असे. त्यासाठी वेगळ्या प्रोग्रॅमची गरज कुणालाच वाटली नाही.

४/
आणि गरज वाटली असती तरी सोय नव्हती. सेंट्रॉनिक्सच्या केबलमधून मजकूर संगणकाकडून प्रिंटरकडे जाई. उलट दिशेने येणाऱ्या तारा मोजक्या होत्या, आणि त्यांवरून येणारे निरोपही ठरावीक : अक्षर पोचले, काम चालू आहे, कागद संपला, प्रिंटर जोडलेला आहे, बिघाड आहे. कागद संपल्याची खबर देणारी तार होती. शाईसाठी एकही तार नव्हती. पुढची कित्येक वर्षे घरगुती संगणक आणि प्रिंटर यांचे संभाषण इतक्यावरच चालले.

५/
प्रिंटरने आपली अवस्था सांगावी, ही मागणी मात्र जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी झेरॉक्सच्या एका जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल केला होता. छपाई झाली की तो संबंधित माणसाला कळवी. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्या सर्वांना सूचना जाई. १९८० च्या सुमारास तेथे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता मिळेना, म्हणून हीच सोय त्यात करता येईना.

६/
दुसऱ्या एका विद्यापीठातील संशोधकाकडे ती संहिता होती. पण गोपनीयतेच्या करारामुळे त्याने ती देण्यास नकार दिला. हा अनुभव स्टॉलमन यांच्या मनात घर करून राहिला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला आरंभ झाला. आपल्याच खोलीतील यंत्र आपल्याला काय सांगेल हे दुसरे कुणी ठरवू शकते, हा धडा जगाला प्रथम एका प्रिंटरने दिला होता.

७/
याच काळात शाईचे तंत्र बदलत होते. १९७७ मध्ये जपानच्या कॅननमधील इचिरो एन्डो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो, हे तत्त्व त्यातून पुढे आले. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्डमध्ये, म्हणजे एचपीमध्ये, जॉन वॉट यांना स्वतंत्रपणे तेच सुचले.

८/
१९८४ हे वर्ष निर्णायक ठरले. एचपीने ४९५ डॉलरचा थिंकजेट आणला. त्याच्या कार्ट्रिजमध्ये शाई तर होतीच, शिवाय थेंब उडवणारी बारा छिद्रांची मुद्रणशीर्षेही होती. शाई संपली की सारेच फेकायचे. त्याच वर्षी ३,४९५ डॉलरचा लेझरजेट आला. त्याचे आतले यंत्र कॅननचे होते, आणि टोनरची पूड व फिरणारा ड्रम दोन्ही एकाच डब्यात बंद होते. यंत्राचा सर्वांत झिजणारा भाग आता दुकानात मिळणारी वस्तू झाला.

९/
यातून व्यापाराचे एक जुने गणित नव्याने मांडले गेले. दाढीचे यंत्र स्वस्त द्यायचे आणि पात्यांवर कमवायचे, हीच रीत प्रिंटरच्या धंद्यात रुळली. यंत्राची किंमत उतरत गेली. नफा शाईत जमू लागला. साहजिकच शाईचा डबा केव्हा 'संपला' म्हणायचा, या प्रश्नाला पैशाचे वजन आले. रिबनच्या काळात हा प्रश्न गिऱ्हाईक स्वतः सोडवत असे. बंद डब्याच्या काळात तो सोडवणारा दुसराच कुणी असणार होता.

१०/
गिऱ्हाईकाची अडचणही खरी होती. रिबन हळूहळू फिकी पडते. कार्ट्रिज मात्र पान अर्धे झाले असताना अचानक कोरडे पडते. रात्री प्रकल्पाचा अहवाल छापणाऱ्या विद्यार्थ्याला आगाऊ सूचना हवीच होती. १९९४ मध्ये आयईईई १२८४ हे मानक आले आणि त्याच समांतर केबलवरून दुतर्फा संभाषण शक्य झाले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रिंटरसोबत येणाऱ्या सीडीवर 'स्टेटस मॉनिटर' नावाचे प्रोग्रॅम दिसू लागले. पडद्यावरचे ते चार रंगीत रकाने तेव्हापासूनचे.

११/
हे प्रोग्रॅम शाई कशी मोजतात? थेंब मोजून. इंकजेटचा थेंब काही पिकोलिटरचा असतो, आणि एका मिलिलिटरमध्ये एक अब्ज पिकोलिटर असतात. थेंब दहा पिकोलिटरचा धरला तर एका मिलिलिटरमध्ये दहा कोटी थेंब बसतात. कोणत्या छिद्राला किती वेळा आज्ञा दिली हे प्रिंटरला ठाऊक असते. त्या आज्ञांची बेरीज गुणिले थेंबाचे सरासरी आकारमान, ही झाली खर्चाची बाजू. भरलेल्या शाईतून ती वजा केली की शिल्लक. किराणा दुकानाच्या वहीपेक्षा ही पद्धत फारशी वेगळी नाही.

१२/
वहीतील शिल्लक आणि गल्ल्यातील रोकड नेहमी जुळतेच असे नाही. गरम खोलीत शाई पातळ होते आणि थेंबाचे आकारमान बदलते. एखादे छिद्र बुजले तर आज्ञा नोंदली जाते, थेंब मात्र पडत नाही. प्रिंटर सुरू होताना शीर्षे साफ करण्यासाठी शाई ओढली जाते. तीही अंदाजानेच खर्ची पडते. काही महिने न वापरलेल्या डब्यातील पाणी हळूहळू उडून जाते, पण त्याची नोंद होत नाही. पडद्यावर '२३ टक्के' असा नेमका आकडा दिसतो, त्यामागे इतक्या अंदाजांची उतरंड असते.

१३/
अंदाज चुकणारच असेल तर तो कोणत्या बाजूला चुकू द्यावा? येथे कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एचपीच्या जुन्या रचनेत मुद्रणशीर्ष डब्यासोबतच फेकले जाई. कोरडे पडले तरी नुकसान डब्यापुरते. एप्सनची रचना वेगळी होती. तेथे विजेच्या दाबाने आकार बदलणारे स्फटिक थेंब ढकलतात, आणि ते शीर्ष कायमचे यंत्रात बसवलेले असते. त्यात हवा शिरली तर महागडा भाग निकामी होण्याची भीती. म्हणून हिशेब थोडी शाई शिल्लक असतानाच 'संपली' म्हणतो. प्रश्न एवढाच, की 'थोडी' म्हणजे किती?

१४/
प्रत्यक्ष मोजण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. कॅननने आपल्या पारदर्शक शाईटाक्यांच्या तळाशी एक लोलक बसवला. त्यावर प्रकाश टाकला जाई. लोलकाभोवती शाई असेपर्यंत प्रकाश तिच्यात शिरून जाई. शाई ओसरली की तो परावर्तित होऊन संवेदकाकडे येई. ही खरीखुरी पाहणी होती, पण एकाच पातळीवरची. त्या खुणेच्या वर आणि खाली पुन्हा थेंबांचाच हिशेब चाले.

१५/
अंदाजाची ही मर्यादा तंत्रज्ञांनी कधी लपवली नव्हती. मार्च १९९५ मध्ये इंटरनेटच्या मानककारांनी 'आरएफसी १७५९' प्रसिद्ध केले. जाळ्यावरील प्रिंटरची अवस्था संगणकाने कोणत्या शब्दांत विचारायची, याची ती संहिता. उरलेल्या शाईसाठी तीत एक रकाना आहे आणि त्यात काही ऋण संख्यांना खास अर्थ दिला आहे. उणे दोन म्हणजे 'माहीत नाही'. उणे तीन म्हणजे 'काहीतरी शिल्लक आहे, किती ते सांगता येत नाही'. घरच्या पडद्यावरील रंगीत रकान्यांत या प्रामाणिक उत्तराला जागा नव्हती.

१६/
शतक पालटण्याच्या सुमारास एप्सनच्या कार्ट्रिजवर एक छोटी चिप आली. तिच्यात उरलेल्या शाईचा आकडा लिहिला जाई. हेतूंपैकी एक समर्थनीय होता. अर्धा डबा काढून दुसऱ्या प्रिंटरमध्ये बसवला तर नव्या यंत्राला त्याची शिल्लक कळावी. हिशेबाची वही आता संगणकात वा प्रिंटरमध्ये न राहता डब्याच्याच पाठीवर बांधली गेली. पण याच चिपमुळे आणखी एक गोष्ट शक्य झाली. वहीत शून्य लिहिले की डब्यात शाई असो वा नसो, यंत्र तो डबा नाकारू शकत होते.

१७/
रिफिल करणाऱ्यांसाठी हा मोठा फरक होता. रिकाम्या डब्यात सिरिंजने शाई भरायची, ही कला तोवर जगभर पसरली होती. भारतातही शहरोशहरी संगणकाच्या बाजारपेठांत कार्ट्रिज भरून देणारी दुकाने उभी राहिली. मूळ डब्याच्या किमतीच्या अंशात काम होई. चिप आल्यावर चित्र विचित्र झाले. डबा काठोकाठ भरलेला, हाताला जड लागणारा. आणि पडद्यावर मात्र 'रिकामा'. वही आणि वस्तू यांच्यात तंटा झाला तर यंत्र वहीचे ऐकत होते.

१८/
मग वही दुरुस्त करण्याची साधने निघाली. चिपच्या संपर्कबिंदूंवर काही क्षण टेकवले की आकडा पुन्हा पूर्ण करणारे तळहातावर मावणारे 'रिसेटर' आले. घरच्या संगणकासाठी 'एसएससी सर्व्हिस युटिलिटी' नावाचा मोफत प्रोग्रॅम पसरला. विंडोजवर चालणारा हा प्रोग्रॅम एप्सनच्या अनेक प्रिंटरांशी थेट बोले, चिपवरचा आकडा पूर्ववत करी आणि मोजणी गोठवूनही ठेवी. हिशेब पाहण्याचे साधन आता हिशेब लिहिण्याचे साधन झाले.

१९/
दुसरी वाट मुक्त सॉफ्टवेअरची. लिनक्सवर कंपन्यांचे स्टेटस मॉनिटर चालत नसत. गिम्प-प्रिंट या प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी एप्सनच्या प्रिंटरांसाठी 'एस्कपुटिल' हा छोटा प्रोग्रॅम दिला. आज्ञा टंकली की तो शाईची पातळी आणून दाखवी. आकडा तोच, प्रिंटरने सांगितलेला; पण तो मागण्याची रीत सर्वांना वाचता येईल अशी खुली. स्टॉलमन यांच्या खोलीतील जुन्या तक्रारीला वीस वर्षांनी मिळालेले हे एक उत्तर होते.

२०/
आकडा खरा किती, हे तपासले ग्राहकांच्या संघटनांनी. २००३ मध्ये ब्रिटनच्या 'विच?' मासिकाने प्रिंटरांची चाचणी घेतली. एप्सनच्या एका कार्ट्रिजने शाई संपल्याचे जाहीर केल्यावर चिपचा निर्णय बाजूला सारून छपाई पुढे चालवली, तेव्हा आणखी ३८ टक्क्यांपर्यंत पाने चांगल्या दर्जाची निघाली. त्याच मासिकाने दराचाही हिशेब मांडला. एका कंपनीची शाई मिलिलिटरमागे १ पौंड ७० पेन्स, तर १९८५ सालची नामांकित डॉम पेरिन्यों शॅम्पेन २३ पेन्स. शाई सातपट महाग.

२१/
अमेरिकेत याच मुद्द्यावर एप्सनविरुद्ध ग्राहकांनी सामूहिक दावे लावले. डब्यात वापरण्याजोगी शाई असताना यंत्र छपाई थांबवते, ही तक्रार. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत. शीर्षाच्या रक्षणासाठी शाई राखली जाते, ही तिची भूमिका होती. २००६ मध्ये तडजोड झाली आणि पात्र ग्राहकांना ४५ डॉलरची भरपाई बहुतांशी खरेदीतील सवलतीच्या रूपाने देऊ करण्यात आली. टक्क्यांचा तो रकाना आता न्यायालयीन कागदपत्रांत पोचला होता.

२२/
पण सर्वांत गाजलेला खटला इंकजेटचा नव्हता, टोनरचा होता. आयबीएमच्या प्रिंटर विभागातून १९९१ मध्ये निघालेली लेक्समार्क ही केंटकी राज्यातील कंपनी. ती काही कार्ट्रिज सवलतीत विकत असे. अट अशी, की एकदा वापरून ते कंपनीलाच परत करायचे. अट पाळली जावी म्हणून डब्यावर चिप होती. नॉर्थ कॅरोलायनातील स्टॅटिक कंट्रोल या कंपनीने त्या चिपची जागा घेणारी आपली चिप बनवली. २००२ च्या अखेरीस लेक्समार्कने दावा दाखल केला.

२३/
या खटल्याच्या मध्यभागी होता शिल्लक टोनर मोजणारा एक प्रोग्रॅम. टोनरची पूड ढवळणाऱ्या चाकाला फिरताना किती जोर पडतो, त्यावरून आत किती पूड आहे हे तो काढी. त्याची एक आवृत्ती ३७ बाइटची, दुसरी ५५ बाइटची. या परिच्छेदातील एक वाक्य साठवायलाही त्याहून अधिक जागा लागते. प्रिंटर हा प्रोग्रॅम चिपवर जसाच्या तसा आहे का हे तपासे. एक बाइट बदलला तरी डबा नाकारला जाई. म्हणून स्टॅटिक कंट्रोलने तो शब्दशः उतरवला.

२४/
लेक्समार्कचे म्हणणे : ही आमच्या स्वामित्वहक्काची चोरी आहे, आणि डिजिटल कुलूप तोडणे १९९८ च्या अमेरिकी कायद्याने गुन्हा आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये जिल्हा न्यायालयाने ते मान्य करून मनाई हुकूम दिला. संगीत आणि चित्रपट यांच्या रक्षणासाठी केलेला कायदा टोनरच्या डब्याला लागू झाला होता. हेच तत्त्व मोटारीच्या सुट्या भागांना, गॅरेजच्या दारांना, कशालाही लावता आले असते. म्हणूनच या छोट्या प्रोग्रॅमकडे साऱ्या अमेरिकेतील कायदेपंडितांचे लक्ष लागले.

२५/
ऑक्टोबर २००४ मध्ये अपिलात हा हुकूम रद्द झाला. न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे. जो मजकूर उतरवल्याशिवाय यंत्र चालतच नाही, तो साहित्यकृतीपेक्षा किल्लीसारखा आहे. शिवाय प्रिंटर विकत घेणाऱ्याला त्यातील प्रोग्रॅम वाचायला कुणी अडवलेले नाही. पुढचे दार उघडे असताना मागच्या दाराच्या कुलपाने घर बंद आहे असे म्हणता येत नाही. शिल्लक मोजण्याचा प्रोग्रॅम कुलूप म्हणून वापरण्याच्या वाटेवर येथे मोठा अडसर पडला.

२६/
युरोपने वेगळ्या बाजूने हात घातला. जानेवारी २००३ मध्ये जारी झालेल्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीच्या निर्देशात एक कलम आले. वस्तूचा पुनर्वापर अशक्य व्हावा अशी खास रचना उत्पादकांनी करू नये, पर्यावरण वा सुरक्षिततेचे भक्कम कारण असल्याखेरीज. कलमात प्रिंटरचे नाव नव्हते. पण चर्चेच्या मागे चिप लावलेली कार्ट्रिजच होती. पुढे ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्याच दुसऱ्या खटल्यात ठरवले, की कार्ट्रिज एकदा विकले की त्यावरील पेटंटचा हक्क संपतो.

२७/
मोजमापाचा दुसरा वाद पानांचा. खोक्यावर लिहिलेल्या 'इतकी पाने' या संख्येमागे बराच काळ एकच गृहीत असे : पानाचा पाच टक्के भाग शाईने व्यापलेला. २००४ मध्ये काळ्या टोनरसाठी 'आयएसओ १९७५२' आणि २००६ मध्ये रंगीत इंकजेटसाठी 'आयएसओ २४७११' ही मानके आली. नमुना पाने ठरली. ही पाने रोमन लिपीतली. देवनागरीत प्रत्येक शब्दावर शिरोरेषेची आडवी पट्टी असते, मात्रा आणि वेलांट्या वर-खाली असतात. मराठी अर्ज छापणाऱ्याने खोक्यावरची संख्या जशीच्या तशी धरणे धोक्याचेच.

२८/
आणि मानकाप्रमाणे छपाई अखंड होते; घरी ती आठवड्याला दोन पानांची असते. दर वेळी यंत्र जागे होते आणि शीर्षे धुण्यासाठी शाई वाहवते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने अशाच तुटक वापराची चाचणी घेतली. अनेक मॉडेलांत निम्मी किंवा त्याहून कमी शाईच कागदावर पोचत होती. पानांवरून शाईचा खर्च काढणारे घरगुती प्रोग्रॅम कमी का दाखवतात, याचे उत्तर येथे मिळते. त्यांना छापलेले पान दिसते. धुण्यात गेलेली शाई दिसत नाही.

२९/
२०१३ मध्येच एचपीने अमेरिकेत 'इन्स्टंट इंक' योजना सुरू केली. ग्राहक शाईचे पैसे न देता महिन्याला किती पाने छापणार याचे देतो. प्रिंटर इंटरनेटवरून मोजणी कळवतो आणि नवे डबे टपालाने येतात. योजना सोडली की ते डबे शाई असूनही बंद पडतात. अनेकांना ही सोय परवडणारी वाटली. मात्र हिशेबाची दिशा उलटली होती. पूर्वी प्रोग्रॅम घरमालकाला शाईची शिल्लक सांगे. आता तो कंपनीला घरमालकाची पाने सांगत होता.

३०/
सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीचे अनेक प्रिंटर एकाच दिवशी इतर कंपन्यांचे डबे नाकारू लागले. प्रिंटरच्या अंतर्गत प्रोग्रॅममध्ये ते आधीच लिहून ठेवले होते. ओरड झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि हा निर्बंध काढणारा प्रोग्रॅम उपलब्ध करून दिला. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने तिला एक कोटी युरोचा दंड केला. कारणांपैकी एक असे, की ग्राहकांच्या नकळत त्यांनी कोणती कार्ट्रिज वापरली याची नोंद ठेवली जात होती.

३१/
दरम्यान आशियात दुसरेच काही घडत होते. लोक एप्सनच्या प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून स्वस्त शाई पुरवत होते. हे थांबवण्याऐवजी एप्सनने ऑक्टोबर २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच शाईटाकीचे प्रिंटर विकायला काढले. पुढे ते भारतातही आले आणि झेरॉक्सच्या दुकानांपासून घरांपर्यंत पसरले. टाकी पारदर्शक, चिप नाही, शाई बाटलीतून ओतायची. सुरुवातीच्या काही मॉडेलांत मात्र बाटलीवरचा तेरा अंकी क्रमांक संगणकात टंकावा लागे, तेव्हाच मोजणी पूर्ववत होई. शाई डोळ्यांसमोर भरलेली असूनही वहीची परवानगी लागत होती. पुढच्या मॉडेलांत ही अट गळून पडली.

३२/
टाकीच्या काचेवर आज दोन रेषा असतात, वरची आणि खालची. शाई किती उरली हे पाहायला वाकून बघितले की पुरते. रिबनच्या काळातला डोळा अशा रीतीने परत आला. तरीही एक वही आत उरलीच आहे. शीर्षे धुताना वाहिलेली शाई यंत्राच्या पोटातील एका शोषक गादीत जमा होते, आणि ती किती भरली याची मोजणी प्रिंटर स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. ती मर्यादा गाठली की टाक्या काठोकाठ भरलेल्या असल्या तरी छपाई थांबते. दुरुस्तीच्या दुकानात गादी बदलली जाते, आणि मग संगणक जोडून तो आकडा पुन्हा शून्यावर आणला जातो. गादी बदलणे हे हाताचे काम आहे, दहा-पंधरा मिनिटांचे. आकडा बदलण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न आजही प्रत्येक नव्या मॉडेलबरोबर पुन्हा विचारला जातो.